प्रतिस्पर्ध्याला शेजारी बसवताना

पुणे-सोलापूर महामार्गावर, दौंड तालुक्यात कुरकुंभ हे गाव आहे. फिरंगाई देवीचे स्थान ही या गावाची जुनी ओळख, तर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने ही नवी. कारखाने आले की रोजगार, ठेके, कर, पाणी आणि प्रदूषण हे सारे प्रश्न ग्रामपंचायतीच्या दारात येतात. त्यामुळे अशा गावात सरपंच कोण, हा प्रश्न केवळ मानाचा राहत नाही. त्याहून गुंतागुंतीचा प्रश्न सरपंचाची निवड झाल्यावर उभा राहतो. तो म्हणजे उपसरपंच कोण?

महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची निवड थेट जनतेतून करण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने तो फिरवला आणि २०२२ मध्ये तो पुन्हा लागू झाला. थेट निवडीमुळे गावाचा सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. उपसरपंच मात्र सदस्यांमधूनच निवडला जातो. सरपंचपदाचे आरक्षण सोडतीने फिरते, उपसरपंचपदाला आरक्षण नाही. साहजिकच ज्याची सरपंचपदाची संधी आरक्षणाने किंवा पराभवाने हुकली, त्या प्रतिस्पर्धी गटाच्या पुढाऱ्याची दृष्टी या दुसऱ्या खुर्चीवर स्थिरावते. मग बैठका होतात, वर्ष-सव्वा वर्षाच्या वाटण्या ठरतात आणि महिनाभरापूर्वी एकमेकांच्या विरोधात दारोदार फिरलेले दोघे एका टेबलामागे बसलेले गावाला दिसतात.

गावकऱ्यांनी यात आनंद मानावा की फसवणूक? भांडण मिटले म्हणून समाधान मानावे, की मत वाया गेले म्हणून खेद करावा? हा प्रश्न कुरकुंभसारख्या गावापासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत, दिल्लीपासून थेट वॉशिंग्टनपर्यंत एकच आहे. सत्तेच्या पहिल्या खुर्चीसाठी आपल्याशी झुंजलेल्या माणसाला दुसरी खुर्ची द्यावी काय, आणि द्यायची तर कोणत्या अटींवर?

या प्रश्नाचे एक उत्तर अनुभवातून मिळते. प्रतिस्पर्ध्याला सहकारी करणे यात मुळात गैर काही नाही. ती अनेकदा राजकीय परिपक्वतेची खूण असते. परंतु हा निर्णय मतदारासमोर, मतदानापूर्वी आणि कारणे सांगून झाला पाहिजे. जेथे तो मतदानानंतर बंद दाराआड होतो, तेथे सत्ता मिळते, पण विश्वास उरत नाही. आणि त्या अविश्वासाची किंमत सर्वप्रथम सामान्य कार्यकर्ता मोजतो.

अमेरिकेने घेतलेला धडा

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची स्वतंत्र निवडणूक नव्हती. ज्याला सर्वाधिक मते तो अध्यक्ष आणि दुसऱ्या क्रमांकाचा तो उपाध्यक्ष, अशी ती साधी सरळ व्यवस्था होती. १७९६ च्या निवडणुकीत जॉन अॅडम्स यांना ७१ आणि थॉमस जेफरसन यांना ६८ निर्वाचक मते पडली. दोघांचे विचार भिन्न, पक्ष भिन्न. तरीही घटनेच्या नियमाने ते अध्यक्ष-उपाध्यक्ष झाले. पुढील चार वर्षे उपाध्यक्ष हेच अध्यक्षांच्या विरोधकांचे नेते होते. १८०० साली याहून मोठा पेच आला. जेफरसन आणि त्यांचेच सहउमेदवार आरोन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहाला छत्तीस वेळा मतदान घेऊन निर्णय करावा लागला. या अनुभवातून १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांसाठी वेगवेगळे मतदान सुरू झाले.

यातून अमेरिकेने एक गोष्ट शिकून घेतली. निकालाच्या अपघाताने दोन प्रतिस्पर्धी एकत्र बांधले गेले, तर राज्य चालत नाही. जोडी विचारपूर्वक बांधावी लागते, आणि ती मतदारापुढे जोडी म्हणूनच ठेवावी लागते.

आज तेथील प्रमुख पक्षांमध्ये उमेदवारीसाठी आधी पक्षांतर्गत लढत होते. राज्याराज्यांत मतदान होते, वादविवाद होतात, परस्परांची उणीदुणी निघतात. त्या लढतीत जिंकलेला नेता नंतर आपला उपाध्यक्षपदाचा उमेदवार निवडतो, आणि कित्येकदा ही निवड पराभूत प्रतिस्पर्ध्यांमधून होते. १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी उमेदवारीतील आपले प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. केनेडी ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्सचे, तरुण आणि कॅथलिक. जॉन्सन दक्षिणेतील टेक्सासचे आणि सिनेटमधील बहुमताचे मुरब्बी नेते. त्या वर्षी देशभरातील मतांचे अंतर अत्यल्प होते आणि टेक्सास केनेडींच्या बाजूने गेले. जॉन्सन सोबत नसते तर काय झाले असते, याची चर्चा तेथील अभ्यासक आजही करतात.

१९८० चे उदाहरण याहून बोलके आहे. जॉर्ज बुश यांनी उमेदवारीच्या लढतीत रोनाल्ड रेगन यांच्या करकपातीच्या कल्पनेची ‘जादूटोण्याचे अर्थशास्त्र’ अशी खिल्ली उडवली होती. आयोवा राज्यात त्यांनी रेगन यांचा पराभवही केला होता. डेट्रॉइटच्या पक्ष अधिवेशनात आधी माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याशी बोलणी झाली. ती फिसकटल्यावर रेगन यांनी बुश यांनाच बोलावले. बुश यांनी पक्षाचा जाहीरनामा आपला मानला, आठ वर्षे दुसऱ्या खुर्चीवर बसून वेगळा सूर लावला नाही आणि १९८८ मध्ये स्वतः अध्यक्षपदी निवडून आले. २०२० मध्ये जो बायडन यांनी कमला हॅरिस यांची निवड केली. वर्षभरापूर्वीच्या जाहीर वादविवादात हॅरिस यांनीच बायडन यांना त्यांच्या जुन्या भूमिकेवरून कठोर शब्दांत धारेवर धरले होते.

मात्र प्रत्येक प्रतिस्पर्धी या जागेसाठी योग्य नसतो, हेही अमेरिकेने जाणले. २००८ मध्ये बराक ओबामा यांच्यासमोर सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी होत्या हिलरी क्लिंटन. ओबामांनी उपाध्यक्षपदासाठी निवडले ते जो बायडन यांना, जे आयोवातील पहिल्या फेरीनंतरच स्पर्धेतून बाहेर पडले होते. हिलरी यांना त्यांनी विजयानंतर परराष्ट्र खाते दिले. प्रबळ प्रतिस्पर्ध्याला काम द्यावे, मान द्यावा, पण स्वतःच्या अगदी शेजारची खुर्ची दिलीच पाहिजे असे नाही, हा त्यातला विवेक. अब्राहम लिंकन यांनीही १८६० च्या उमेदवारीतील आपले प्रतिस्पर्धी सीवर्ड, चेस आणि बेट्स यांना मंत्रिमंडळात घेऊन यादवी युद्धाच्या काळात त्यांच्याकडून काम करून घेतले.

पण याच लिंकन यांनी १८६४ मध्ये प्रतिपक्षातील अँड्र्यू जॉन्सन यांना सहउमेदवार केले. युद्धकाळात ऐक्याचा संदेश जावा, हा हेतू योग्यच होता. मात्र दुसऱ्या कार्यकाळाची शपथ घेतल्यानंतर सहा आठवड्यांतच लिंकन यांची हत्या झाली आणि ज्यांचे विचार लिंकन यांच्या पक्षाशी जुळत नव्हते, ते अध्यक्ष झाले. १८६८ मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालला आणि ते केवळ एका मताने वाचले. अमेरिकेच्या इतिहासात नऊ उपाध्यक्ष हे अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे मधूनच अध्यक्ष झाले आहेत. दुसरी खुर्ची देताना पहिली खुर्ची सांभाळण्याची पात्रता पाहावी लागते ती याचसाठी. मतांची बेरीज निवडणुकीच्या दिवशी संपते, विचारांचे अंतर त्यानंतर जाणवू लागते.

दिल्लीतील दुसरी खुर्ची

आपल्या राज्यघटनेत उपपंतप्रधान किंवा उपमुख्यमंत्री अशी पदेच नाहीत. घटनेच्या दृष्टीने ते इतर मंत्र्यांसारखे मंत्री. १९९० मध्ये देवीलाल यांच्या शपथेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पद केवळ वर्णनात्मक मानले, आणि २०२४ मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकीला आव्हान देणारी याचिका फेटाळताना तीच भूमिका कायम ठेवली. घटनेने या पदाला अधिकार दिलेले नाहीत; मग एवढी चढाओढ कशासाठी? कारण आपल्याकडे हे पद कारभारासाठी कमी आणि समेटासाठी अधिक निर्माण झाले. कोणाच्या तरी हुकलेल्या पहिल्या खुर्चीची ती भरपाई असते.

अशा भरपाईचा इतिहास उत्साहवर्धक नाही. जानेवारी १९६६ मध्ये काँग्रेस संसदीय पक्षाच्या नेतेपदासाठी इंदिरा गांधी आणि मोरारजी देसाई यांच्यात मतदान झाले. इंदिराजींना ३५५ आणि मोरारजींना १६९ मते पडली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे बळ घटल्यावर मोरारजींना उपपंतप्रधानपद आणि अर्थखाते देऊन समेट झाला. जुलै १९६९ मध्ये त्यांचे अर्थखाते काढून घेण्यात आले, त्यांनी राजीनामा दिला, त्याच आठवड्यात बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वर्ष संपण्यापूर्वी काँग्रेस दुभंगली. समेट झाला तो दोन महत्त्वाकांक्षांमध्ये. आर्थिक धोरणाबाबत दोघांचे एकमत कधी झालेच नव्हते.

जनता पक्षाचा अनुभव आपल्या विचाराच्या कार्यकर्त्यांना विसरता येणार नाही. आणीबाणीविरुद्धच्या संघर्षात स्वयंसेवकांनी तुरुंगवास भोगला, भूमिगत राहून काम केले आणि १९७७ मध्ये जनतेने परिवर्तन घडवले. पंतप्रधानपदाचे दावेदार तीन होते: मोरारजी देसाई, चरणसिंह आणि जगजीवनराम. निर्णय मतदानाने झाला नाही. जयप्रकाशजी आणि आचार्य कृपलानी यांनी मोरारजींचे नाव ठरवले. उरलेल्या दोघांच्या मनातील शल्य तसेच राहिले. जानेवारी १९७९ मध्ये चरणसिंह आणि जगजीवनराम अशा दोघांनाही उपपंतप्रधान करण्यात आले. एकाच मंत्रिमंडळात दोन ‘उप’! सहा महिन्यांत सरकार कोसळले. त्या पडझडीत निमित्त म्हणून पुढे करण्यात आला तो जनसंघाच्या कार्यकर्त्यांच्या रा. स्व. संघाशी असलेल्या नात्याचा, म्हणजे ‘दुहेरी निष्ठे’चा वाद. खुर्चीच्या स्पर्धेला सिद्धान्ताचा मुलामा देण्यात आला आणि ज्या काँग्रेसविरुद्ध जनतेने कौल दिला होता, तिच्याच पाठिंब्यावर चरणसिंह पंतप्रधान झाले. संसदेला सामोरे न जाताच त्यांना राजीनामा द्यावा लागला.

१९८९ मध्ये त्याच खेळाची पुनरावृत्ती झाली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात देवीलाल यांचे नाव नेतेपदासाठी सुचवले गेले आणि देवीलाल यांनी उभे राहून तो मान विश्वनाथ प्रताप सिंह यांना देऊन टाकला. प्रतिस्पर्धी चंद्रशेखर यांना या आतल्या जुळणीची कल्पना नव्हती. उपपंतप्रधान झालेल्या देवीलाल यांना आठ महिन्यांतच मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. त्या वर्षअखेरीपूर्वी चंद्रशेखर पंतप्रधान झाले आणि देवीलाल पुन्हा उपपंतप्रधान. गुपचूप केलेल्या जुळणीचे आयुष्य वर्षभराचेही नव्हते.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या मुंबईत घडले. नोव्हेंबर १९९५ मध्ये भाजपाचे महाअधिवेशन मुंबईत भरले होते. लालकृष्ण अडवाणी तेव्हा पक्षाध्यक्ष होते. राममंदिराच्या आंदोलनामुळे त्यांचे नेतृत्व देशभर पोहोचले होते. त्यांनीच त्या व्यासपीठावरून जाहीर केले की, पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार अटलबिहारी वाजपेयी असतील. ही घोषणा निवडणुकीच्या काही महिने आधी झाली, हजारो कार्यकर्त्यांसमोर झाली. त्यानंतर १९९६, १९९८ आणि १९९९ मध्ये देशाने जे मत दिले ते ही जोडी डोळ्यांसमोर ठेवून दिले. जून २००२ मध्ये अडवाणी उपपंतप्रधान झाले, तेव्हा ती कोणत्याही रुसव्याची भरपाई नव्हती. दोघांत मतभेद नव्हते असे नाही. पण पहिला कोण आणि दुसरा कोण, याविषयी मतदाराला, कार्यकर्त्याला आणि त्या दोघांना कधी संभ्रम नव्हता.

महाराष्ट्राचे प्रयोग

अमेरिकेत पक्षांतर्गत स्पर्धेतील प्रतिस्पर्धी सहकारी होतात. महाराष्ट्रात ही स्पर्धा बव्हंशी पक्षापक्षांत होते, आणि निकालानंतर तेच पक्ष एकत्र येऊन सरकार बनवतात. त्यामुळे येथील दुसरी खुर्ची अधिक नाजूक. राज्याला पहिले उपमुख्यमंत्री मिळाले तेच दोन प्रतिस्पर्ध्यांच्या तडजोडीतून. १९७८ च्या निवडणुकीत काँग्रेसचे दोन गट एकमेकांविरुद्ध लढले. सर्वाधिक जागा जनता पक्षाला मिळाल्या. तिला रोखण्यासाठी हे दोन्ही गट निकालानंतर एकत्र आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. दोन्ही गटांतील कुरबुरी थांबल्या नाहीत आणि चार महिन्यांत शरद पवार यांनी ते सरकार पाडले.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजपा युतीने एकत्र लढून एकत्र कौल मागितला. शिवसेनेला ७३ आणि भाजपाला ६५ जागा मिळाल्या. मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. दोन पक्षांत खटके उडाले, पण ज्यांना मत दिले तेच सत्तेवर आहेत, याबद्दल मतदाराची तक्रार नव्हती. १९९९ मध्ये उलट घडले. सोनिया गांधी यांच्या विदेशी मूळाच्या प्रश्नावर शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडले, त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली, त्याच मुद्द्यावर काँग्रेसविरुद्ध मते मागितली आणि निकाल लागताच काँग्रेसचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री व राष्ट्रवादीचे छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. ज्या मुद्द्यावर पक्ष जन्माला आला, तो मुद्दा शपथविधीच्या दिवशीच गुंडाळला गेला.

काँग्रेस-राष्ट्रवादीच्या या वर्तनावर आपण कोरडे ओढले, आणि ते योग्यच होते. मात्र जी फूटपट्टी इतरांना लावली, ती स्वतःलाही लावली पाहिजे. २०१९ मध्ये भाजपा १०५ आणि शिवसेना ५६ असा युतीला स्पष्ट कौल मिळाला. तरी बंद खोलीत कोणी कोणाला काय शब्द दिला होता, या वादात युती मोडली. तो शब्द जाहीर सभेत, मतदारांसमोर दिला गेला असता किंवा नाकारला गेला असता, तर हा वाद उद्भवलाच नसता. शिवसेनेने जनादेश पायदळी तुडवून ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याशी संग केला, हे सत्य आहे. पण २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे देवेंद्र फडणवीस यांच्यासोबत अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली आणि २६ तारखेला ते सरकार संपले, हेही सत्यच आहे.

२०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि माजी मुख्यमंत्री फडणवीस यांनी पक्षाच्या आदेशाने उपमुख्यमंत्रीपद स्वीकारले. कार्यकर्त्याला ते टोचले, पण समजले. कारण त्यात स्वतःकडे घेणे नव्हते, सोडणे होते. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांनी याच सरकारमध्ये उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली, ते मात्र कार्यकर्त्याला समजावून सांगणे अवघड गेले. सिंचन प्रकरणावरून राष्ट्रवादीवर आपण वर्षानुवर्षे आरोप केले होते. आठवड्याभरापूर्वी पंतप्रधानांनीच भोपाळच्या सभेत त्या पक्षाच्या घोटाळ्यांचा उल्लेख केला होता.

दौंडच्या कार्यकर्त्याचा प्रश्न

या निर्णयाचा भार कोणी वाहिला, हे पाहायचे तर मुंबई सोडून पुन्हा दौंड तालुक्यात यावे लागेल. दौंड विधानसभा मतदारसंघ बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. पवारांच्या बालेकिल्ल्यात विरोधी झेंडा धरणे म्हणजे काय, हे येथील कार्यकर्त्याला विचारावे. सहकारी संस्था, बँका, बाजार समिती, पाण्याच्या पाळ्या अशा सगळ्या ठिकाणी त्याची गाठ प्रस्थापितांशी. २०१४ मध्ये येथून राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर सुप्रिया सुळे यांच्याविरुद्ध लढले आणि त्यांनी बालेकिल्ल्याला घाम फोडला. पराभव सुमारे सत्तर हजार मतांचा. २०१९ मध्ये भाजपाच्या कांचन कुल लढल्या. अंतर दीड लाखांवर गेले, तरी कार्यकर्ता खचला नाही. त्याच वर्षी विधानसभेत राहुल कुल यांनी राष्ट्रवादीच्या रमेश थोरात यांचा अवघ्या ७४६ मतांनी पराभव केला. सातशे शेहेचाळीस मते! एकेका वाडीवस्तीवर, एकेका मतदारासाठी झालेली ती झुंज होती. कुरकुंभसारख्या गावांत त्या झुंजीत भावकी दुभंगली, बोलणे तुटले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत याच कार्यकर्त्याला सांगण्यात आले की, आता घड्याळासाठी मत मागायचे आहे. उमेदवार सुनेत्रा पवार. दहा वर्षे ज्या चिन्हाविरुद्ध तो दारोदार फिरला, तेच चिन्ह हाती घेऊन त्याच दारांवर त्याने काय सांगावे? शिस्त म्हणून तो फिरला. पण ज्याचे स्वतःचेच समाधान झालेले नाही, तो दुसऱ्याचे काय समाधान करणार? सुनेत्रा पवार यांचा सुमारे एक लाख अठ्ठावन्न हजार मतांनी पराभव झाला आणि राज्यात महायुती ४८ पैकी १७ जागांवर थांबली. त्या निकालानंतर संघविचाराच्या नियतकालिकांतूनही या युतीच्या गरजेविषयी उघड प्रश्न विचारले गेले. अर्थात निकालाची कारणे अनेक होती. राज्यघटना बदलणार हा अपप्रचार होता, कांद्याचा व आरक्षणाचा प्रश्न होता. तरीही कार्यकर्त्याच्या मनातील संभ्रम हे त्यांतील एक कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे घडले तेही तितकेच शिकवणारे आहे. लोकसभेच्या निकालातून बोध घेऊन समन्वयाच्या बैठका झाल्या, लोकांसमोर सरकारचे काम ठेवण्यात आले, हिंदुत्वाच्या विचाराचा मतदार घराबाहेर पडावा म्हणून विविध क्षेत्रांतील कार्यकर्ते झटले. तिन्ही पक्ष एकत्र आहेत, हे नोव्हेंबर २०२४ पर्यंत कोणासाठी गुपित राहिले नव्हते. मतदाराने सर्व काही पाहून, जाणून महायुतीला २३० जागा दिल्या. त्यांत भाजपाच्या १३२. राहुल कुल तिसऱ्यांदा निवडून आले. ५ डिसेंबरला फडणवीस यांनी मुख्यमंत्रीपदाची आणि शिंदे व पवार यांनी उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. २०२३ मध्ये जी जुळणी मतदाराला विचारल्याविना झाली होती, तिच्यावर दीड वर्षाने मतदाराचे शिक्कामोर्तब झाले. तरीही निकालापासून शपथविधीपर्यंत बारा दिवस गेले. पहिली खुर्ची कोणाची, दुसऱ्या खुर्च्या कोणाच्या, हे मतदानापूर्वी जाहीर झाले असते, तर तेवढीही प्रतीक्षा उरली नसती.

स्वराज्याचा दंडक

प्रतिस्पर्ध्याला आपलेसे करण्याची कला महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. मुरारबाजी देशपांडे हे मूळचे जावळीच्या मोऱ्यांच्या पदरचे. १६५६ मध्ये जावळी जिंकल्यावर शिवछत्रपतींनी या शूर पुरुषाला आपल्या बाजूला वळवले. त्याच मुरारबाजींनी १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाशी झुंजताना देह ठेवला. खानाने देऊ केलेला कौल त्यांनी झिडकारला. मोऱ्यांचा माणूस स्वराज्याचा झाला, कारण त्याच्यासमोर खुर्चीपेक्षा मोठे ध्येय ठेवले गेले होते.

नेताजी पालकरांचा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. स्वराज्याचे सरनोबत असलेले नेताजी आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेले, औरंगजेबाने त्यांचे धर्मांतर केले आणि महंमद कुलीखान या नावाने त्यांना दूर वायव्येला धाडले. १६७६ मध्ये ते परतले, तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून स्वधर्मात आणि स्वराज्यात सामावून घेतले. मात्र त्या वेळी सरनोबत होते हंबीरराव मोहिते, आणि ते सरनोबतच राहिले. परतणाऱ्याला घराचे दार उघडे असावे. पण मधल्या काळात ज्याने घर राखले, त्याची जागा परतणाऱ्यासाठी रिकामी करू नये. आजच्या पक्षप्रवेशांच्या गर्दीत हा दंडक प्रत्येक नेत्याने स्मरणात ठेवावा असा आहे.

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ काय? पहिली गोष्ट, सोबतीची घोषणा मतदानापूर्वी व्हावी. ज्या दोघांना एकत्र बसायचे आहे, त्यांनी एकत्र मते मागावीत. दुसरी, कारण सांगावे. ‘राजकीय अपरिहार्यता’ हे कारण नव्हे. काल ज्यांना दोषी म्हटले, त्यांच्याबाबत आज काय बदलले, हे कार्यकर्त्याला सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर निर्णयाचाच फेरविचार करावा. तिसरी, पदाबरोबर काम ठरावे. नुसत्या नावाच्या ‘उप’पदाने महत्त्वाकांक्षा शमत नाही, ती धुमसत राहते. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नवा सहकारी आला म्हणून जुन्या कार्यकर्त्याची उपेक्षा होता कामा नये. सत्तेचे गणित मुंबईत मांडले जाते. त्यातील हातचा मात्र वाडीवस्तीवरच्या कार्यकर्त्याकडून घेतलेला असतो, आणि तो परत करावा लागतो.

गावाच्या पातळीवर तर हे आजही सहज करता येण्यासारखे आहे. सरपंचपदाचा उमेदवार ज्या पत्रकावर मत मागतो, त्याच पत्रकावर त्या पॅनेलने उपसरपंचपदासाठीचे नाव छापावे. निकाल मिश्र लागला आणि विरोधी गटाला सोबत घेणे गावाच्या हिताचे ठरले, तर ते ग्रामसभेत उघड सांगावे. कोणत्या कामासाठी, किती काळासाठी, हे इतिवृत्तात नोंदवावे. यासाठी कायदा बदलण्याची आवश्यकता नाही, इच्छाशक्ती पुरेशी आहे. कारखान्यांचा कर कसा खर्च होणार, सांडपाण्याच्या तक्रारीवर कोण ठाम उभे राहणार, भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांसाठी कोण बोलणार, या प्रश्नांवर दोन गट प्रामाणिकपणे एकत्र येत असतील, तर कोणताही सुबुद्ध गावकरी त्यांना दोष देणार नाही.

आपली राजकीय परंपरा व्यक्तीहून पक्ष आणि पक्षाहून राष्ट्र मोठे मानणारी आहे. राष्ट्रकार्यासाठी कालच्या प्रतिस्पर्ध्याचा हात धरावा लागला, तर तो अवश्य धरावा. पण तो चारचौघांसमोर, दिवसाच्या उजेडात धरावा, आणि त्या वेळी आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवण्याचे धैर्य आपल्यात असावे. ज्याने ७४६ मतांसाठी रात्रीचा दिवस केला, त्याने नेत्याकडे मागितलेले एवढेच आहे. ते देणे नेत्याला अवघड जाऊ नये.